नांदेड नाक्यावरील पाणपोईचे जप्त माठ

प्रति,
मा. सहायक निवडणूक निर्णय अधिकारी,
लोकसभा निवडणूक कक्ष,
तहसील कार्यालय, कोळवाडी.

विषय : पाणपोईचे जप्त माठ परत मिळणेबाबत, न मिळाल्यास ते भरणेबाबत.

संदर्भ : १) भरारी पथकाचा जप्ती पंचनामा. २) मतदान केंद्रावरील सुविधांबाबत आपलेच पत्र.

महोदय,

अर्जदार चन्नबसप्पा मन्मथप्पा वलांडे, किराणा दुकानदार, सविनय कळवितो की, त्याच्या वडिलांच्या नावाने नांदेड नाक्यावर दर साली महाशिवरात्रीपासून मृग निघेपर्यंत पाणपोई चालते. यंदा नाक्याच्या वाढीव वस्तीतले बोअर आटले आहेत आणि टँकरचा दिवस ठरलेला नाही. एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांना फुकट पाणी मिळण्याची ही एकच जागा होती.

१. निवडणुकीतील दोन्ही मोठ्या उमेदवारांनी नाक्यावर सभा घेतल्या. नवा जिल्हा झाला की पाणी येईल, असे एकाने सांगितले. तो जिल्हा आम्हीच करणार व मगच पाणी येईल, असे दुसऱ्याने सांगितले. दोघांचेही कार्यकर्ते सभा संपल्यावर पाणपोईवर पाणी पिऊन गेले. टँकरसाठी घागरी मांडून बसलेल्या शांतम्मा त्यांना म्हणाल्या, "जिल्हा सावकाश आणा बाबा. पिऊन रिकामा केलेला माठ तेवढा भरून जावा."

कोणी भरला नाही.

२. तिसरे उमेदवार ग्यानोबा हे अपक्ष असून सायकलीचे पंक्चर काढतात. त्यांनी चिन्ह म्हणून हवा भरण्याचा पंप मागितला होता, मिळाला माठ. त्यावर दोन्ही मोठ्या उमेदवारांचे या निवडणुकीत प्रथमच एकमत झाले व पाणपोई हा ग्यानोबांचा प्रचार असल्याची तक्रार झाली. भरारी पथक आले, पाणी प्याले आणि माठ झाकण्याचा हुकूम दिला. पथकाकडे कापड नसल्याने गोणपाट अर्जदारानेच दिले.

३. माठाला गोणपाट गुंडाळले की ते भिजवायचे, ही इकडची घरोघरची रीत आहे. अर्जदाराने सवयीने तसे केले. पाणी पूर्वीपेक्षा गार झाले व गर्दी वाढली. ग्यानोबांचा माठ गार पाणी देतो, असे लोक बोलू लागल्याने दुसरी तक्रार गेली. गोणपाट ओले कोणी केले, असे पथकप्रमुखांनी विचारले. अर्जदाराने सांगितले, "मीच केलं साहेब. कोरडं ठेवलं तर पाणी तापतंय." हे वाक्य पंचनाम्यात कबुली म्हणून नोंदले आहे. त्यानंतर माठातले पाणी रस्त्यावर ओतून माठ जप्त केले. ओतलेले पाणी चाटायला कुत्री आली. ती कोणाच्या प्रचाराला आली होती, याची नोंद मात्र राहून गेली आहे.

४. ग्यानोबा त्याच संध्याकाळी दुकानी आले. "अण्णा, माझ्यापायी लोकायचं पाणी तुटलं," एवढेच म्हणाले. माघार घेण्यास निघाले होते, पण मुदत संपली होती. या निवडणुकीत लाज वाटलेले तेवढे एकच उमेदवार अर्जदारास आढळले.

५. आता संदर्भ २ अन्वये आपण अर्जदारास कळविले आहे की, नाक्यावरील शाळेत मतदान केंद्र असल्याने तेथे "थंड पिण्याच्या पाण्याचे माठ" त्याने सेवाभावाने ठेवावेत. पाणपोईवर जे चिन्ह चालत नाही, तेच खुद्द मतदान केंद्राच्या दारात चालेल, ते कसे, याचा खुलासा पत्रात नाही.

अर्जदारास दोन्ही आदेश पाळावयाचे आहेत. सबब माठ आजच पाणपोईवर परत द्यावेत. ते शक्य नसल्यास, माठ आपल्याच ताब्यात असल्याने आपणच ते शाळेत मांडावेत, भरावेत व गोणपाट भिजवावे. पाणी कोठून आणावे, हे दोन्ही मोठ्या उमेदवारांस विचारावे. नवा जिल्हा होईपर्यंत थांबा म्हणाले, तर तसे फलकावर लिहून मतदारांच्या रांगेपुढे लावावे.

उत्तर उन्हे वाढण्यापूर्वी मिळावे.

आपला नम्र व अद्याप मतदार,
(सही)
च. म. वलांडे
नांदेड नाका, कोळवाडी
दि. १२ एप्रिल २०१९

सोबत : पंचनाम्याची प्रत, आपल्या पत्राची प्रत आणि गोणपाटाचा तुकडा (आता कोरडा).