बांध आघाडी, कलम चार

३ फेब्रुवारी
आज औंढा जाळला. खरा नव्हे, मोबाइलवरच्या खेळातला. कोणा नवख्यानं आपल्या राष्ट्राच्या राजधानीला ते नाव दिलं होतं. आमच्या वज्र आघाडीत रोज एकाला एक छोटं राष्ट्र लुटायला देतात, आज माझी पाळी. सरसेनापतीचा हुकूम सातला आला. (त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही.) आधी विमानं पाडली, मग रणगाडे चिरडले, मग शहरं. चौथ्या हल्ल्यानंतर तिकडं उभं असं काही उरलंच नव्हतं. तरी पाचवा केला. हुकूम पाचाचा होता.
दुपारी तिकडून एकच ओळ आली, "मैंने क्या बिगाडा था?"
जेवण गेलं नाही. आईला वाटलं पित्त.

४ फेब्रुवारी
माफी मागितली. ती शबाना. खऱ्या औंढ्यातच राहते, मंदिराच्या रस्त्याला ब्लाउज शिवते. खेळात येऊन तिला फक्त अकरा दिवस झाले होते. वाटलं शिव्या देईल, तर मला बाजी म्हणजे ताई करून टाकलं. म्हणाली, "जलाया तुमने, बाजी. अब बनाओ बी तुमीच."
वज्र सोडली. सरसेनापतीला कारण लिहून कळवलं. त्याचं उत्तर, "जा. सापडशील."
खेळच आहे, असं तीनदा स्वतःला म्हटलं.

६ फेब्रुवारी
नवी आघाडी काढली. नाव "बांध". शबाना पहिली, मी दुसरी. खरं तर मी संस्थापक, पण यादीत तिला वर घातलं.
सनद लिहायला दोन दिवस गेले. कलम चार असं, "कोणावरही हल्ला करण्याआधी त्याला बारा तास आधी कळवावे." हे आत्याचं. लहानपणी पाय अधू होता म्हणून तिसरीपर्यंत शाळा घरीच, आत्या शिकवायची. खोटं बोलले तर पाटी पुसायची आणि अ पासून पुन्हा. उसाचं पाचट पेटवायच्या दिवशी ती मला शेजारच्या शेतात पाठवायची, सांगून ये म्हणून. शेजारी कडब्याची गंजी हलवणार, बैल सोडणार, मगच आमची काडी. न सांगता पेटवणाऱ्याला गावात पाणी विचारत नाहीत.
शबानाला हे लिहिलं. ती म्हणाली, ये तो बराबर है.

९ फेब्रुवारी
सात जण झालो. वाशिमचे दोघे, परभणीचे दोघे, आणि आज विकासदा. चुलतभाऊ. मला हा खेळ त्यानंच शिकवला. आघाडीत सगळ्यात मोठं सैन्य त्याचं, चार वर्षं जमवलेलं. वज्र सोडून माझ्यासाठी आला, हे तो दिवसातून दहादा ऐकवतो.
सनद वाचून हसला. "मास्तरीण, ही लढाई हाय का ग्रामसभा? उद्या दुश्मनाला चहाला बी बोलावशील."
"सही केलीस ना पण?"
"केली. तू रडशील म्हणून केली."

१४ फेब्रुवारी
वज्रनं सकाळी वाशिमच्या दोघांवर हल्ला केला. सहा राष्ट्रं एकदम. वीस मिनिटांत एकाची सगळी विमानं जमिनीवरच जळाली. दुसरा लिहीत होता, "ताई काय करू, ताई काय करू." मग त्याचंही लिहिणं थांबलं.
विकासदा हळदीच्या शेतातून पळत आला, पाय चिखलानं भरलेले. "आत्ता त्यांची विमानं वाशिमवर गुंतलेली हायेत. घरं उघडी पडलीत. आत्ता मारू!"
मी म्हटलं, क. ४.
"त्यांनी सांगून मारलं का?"
सनदेत "कोणावरही" लिहिलं आहे. मीच लिहिलं आहे. "जो आधी मारेल तो सोडून" असं लिहिलेलं नाही. आठ वाजता सरसेनापतीला कळवलं, आज रात्री आठला आम्ही हल्ला करू.
त्यानं लिहिलं, "आभारी आहे ताई." पुढं हसणारी तोंडं.
दुपारी दोनलाच ते विकासदावर तुटून पडले.

१५ फेब्रुवारी
विकासदाचं काही राहिलं नाही. शेवटची तीन शहरं आज पहाटेपासून दुपारपर्यंत, सावकाश, एकेक करून फोडली. मुद्दाम सावकाश. मधेमधे सरसेनापती खेळाच्या चौकात, सगळ्यांना दिसेल असं लिहीत होता, "बारा तास झाले का ताई?"
संध्याकाळी अंगणात हळद शिजवायचा मोठा लोखंडी कुकर पेटवला होता. मी कंद भरत होते. विकासदा आला, काही न बोलता मोबाइल दगडावर आपटला. दोनदा. तुकडे उडाले.
"चार वर्षं! तुझ्या एका कलमापायी!"
मी म्हटलं, दादा, नियम सगळ्यांचा होता.
त्यानं ढकललं. डावा हात कुकरच्या तापलेल्या ढोलाला लागला. कातडी तिथंच चिकटल्यासारखं वाटलं. ओरडले की नाही आठवत नाही. तोच मग माझा हात हौदात धरून बसला, रडून राहिला होता. "रेणे, म्या असं करणार न्हवतो. रेणे, बोल की."
आई-बापूंना मी सांगितलं, घसरले.
म्हणजे खोटं बोलले. पाटी पुसायला हवी.

१७ फेब्रुवारी
तळहातापासून मनगटापर्यंत फोड. उजव्या हातानं लिहिते आहे, ते एक बरं.
आत्यानं पट्टी बदलली. तिला खेळातलं काही कळत नाही, पण सगळं सांगितलं. हात घसरून भाजला नाही, हेही. तिनं पट्टीची गाठ मारली. मग, "तुला म्या पाचटाचं शिकवलं होतं. पेटवणारानं सांगायचं असतं बाई. इझवायला धावणारानं न्हाई."
मग आम्ही कोण? १४ तारखेला मारलं असतं तर ते पेटवणं की विझवणं? विचारलं. म्हणाली, "ते मला काहून इचारतीस? काडी कुणाच्या हातात हाय?"
वज्रमध्ये काल एक नवं राष्ट्र आलं. राजधानी "नरसी". आठ दिवसांचं. कोणाशी काही बोललेलं नाही.

१८ फेब्रुवारी
सकाळी ७.१०. सरसेनापती. "दहाला औंढा पुन्हा जळेल. नको असेल तर बांध मोड आणि परत ये." तीन तास. बारा कुठले आणू?

८.००. विकासदानं त्याच्या मित्राच्या मोबाइलवरून बेत पाठवला आहे. दहाला सगळ्या वज्रची विमानं औंढ्यावर जाण्यासाठी तयार असतील. दहाला पाच कमी असताना आम्ही मारायचं. सुरुवात नरसीवर, कारण तिथलं सैन्य कच्चं. ते एका झटक्यात मोडलं की बाकीचे घरं राखायला मागं फिरतील. औंढा वाचेल. न सांगता मारलं तरच. क. ४ काढून टाकायचं बटण फक्त संस्थापकाकडं असतं.

८.४५. मत घेतलं. पाच जण, काढा. वाशिमच्या पोरानं लिहिलं, "ताई, त्यांचा मुडदा पाडा, मग सनद वाचू."
शबाना एकटी, काढू नका. जळायचं तिला आहे, आणि तीच नको म्हणते.
"मेरेको बिनाबोले जलाया था तुमने, बाजी. कैसा लगता, मेरेको मालूम."
मी मत दिलेलं नाही.

९.२०. बापू अंगणात शिजलेली हळद पसरून राहिलेत. वाफेनं डोळे चुरचुरतात. विकासदा ओट्याखाली उभा आहे, वर येत नाही. माझ्या हाताकडं बघत नाही.
"रेणे. तुझ्या पाया पडतो. त्या शबानाला वाचव तरी."
त्याचं खरं आहे. शबानाचंही खरं आहे.

९.४१. कलम काढलं. बोट थरथरलं नाही, याचीच भीती वाटली. ज्याच्याकडं जे उरलं आहे ते घेऊन पाचही जण तयार. नरसीवरचा पहिला हल्ला माझ्याच नावावर लावला आहे. दुसऱ्या कोणाला लावायला सांगणं जमलं नाही.

९.४८. नरसीचं पान उघडून पाहिलं. दोन शहरं, तीन विमानं. झेंड्यावर हातानं काढल्यासारखी एक वीणा. खाली लिहिलं आहे, "नवीन आहे, सांभाळून घ्या."
शबानाच्या पानावर ३ तारखेला काय लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

९.५१. नरसीला एक ओळ लिहिली. "चार मिनिटांत तुमच्याकडं आग येते आहे. विमानं हलवा." ही पाठवली तर तो सरसेनापतीला दाखवेल. कोणीही दाखवेल. मग औंढा जाईल, आम्हीही जाऊ. न पाठवली तर मी जशी ३ तारखेला होते तशीच.
विकासदा खालून ओरडतो आहे, "रेणे, झालं का?"

९.५३. ओळ लिहिलेली आहे. डाव्या अंगठ्याखाली ती, उजव्याखाली हल्ला. डावा अंगठा पट्टीतून बाहेर काढला, दुखतो आहे.