प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर

॥ श्री ॥

रत्नागिरी, १४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप गोदूताईस,
आत्मारामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. इकडे सर्व ठीक. नात शमिका सहा वर्षांची झाली, आणि घरात सध्या एकच विषय आहे, तिची पहिली. ऋतिकाला मुलगी टेकडीवरच्या शाळेतच हवी आहे. ती स्वतः तिथे शिकली. आजही त्या फाटकासमोरून जाताना सूनबाईची स्कूटर आपोआप हळू होते. पण सोडतीत शमिकाचं नाव लागलं नाही. प्रतीक्षा यादीत तिसरी आहे. वरचं कोणी गळलं तर खालचं वर सरकतं, असा हिशेब.

चिरंजीव विनीत मुंबईला, ऋतिका बँकेत, म्हणून रोज फळ्यावरची यादी बघून यायचं काम माझ्याकडे. बघून बघून ती मला पाठ झाली. तुला आठवते का, चौथीत गुरुजी टेबलावर पट्टी आपटून होडीची कविता म्हणून घ्यायचे? ती चाल या नावांना अशी चपखल बसते म्हणून सांगू. पहिली सानिका, दुसरा सुजय रावजी, तिसरी आमची शमिका. आता शमिका दोरीवरच्या उड्या याच चालीवर मारते, आणि ऋतिका म्हणते की बँकेत नोटा मोजतानाही तिच्या डोक्यात हेच वाजत असतं.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. तुझा मात्र प्रतीक्षा यादीत टाकू नकोस.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥

गुहागर, १८ एप्रिल २०२५

चि. आत्माराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. शाळेची यादी कवितेच्या चालीवर म्हणणारा तूच. लहानपणी आईने दुकानातून आणायचं सामान असंच गात जायचास आणि मीठ विसरून यायचास.

मी स्वस्थ बसलेली नाही. कालच व्याडेश्वराला गाऱ्हाणं घातलं. गुरवांनी विचारलं काय मागायचं, तर सांगितलं की पुढच्या दोन पोरांची कुठेतरी चांगल्या शाळेत सोय लाव, नारळ देईन. कोणाचं वाईट मागितलं नाही हो. नुसतं बाजूला कर म्हटलं. देव ऐकेल. तू मात्र मध्ये आपलं काही शहाणपण करू नकोस. ऋतिकाला म्हणावं, डबे चुकवू नकोस, मागच्या खेपेला फार वाळलेली दिसली.

माझ्या लोभात तुझा नंबर जन्मापासून आहे तिथेच आहे.

गोदूताई


॥ श्री ॥

रत्नागिरी, २५ एप्रिल २०२५

ती. गोदूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याच दिवशी सानिकाला प्रवेश मिळाला, म्हणजे आपण दुसऱ्या. बुधवारी शाळेच्या कारकुनाने मला हसत हसत सांगितलं की सुजय रावजीच्या घरचा फोन तीन दिवस लागत नाही. गुरुवारी एकपर्यंत कोणी आलं नाही तर जागा शमिकाची. मी तुझ्या व्याडेश्वराला तिथूनच हात जोडले.

आणि फाटकाशी आल्यावर पाय थांबले. सुजय कोण, हे मला ठाऊक होतं, ताई. आपल्याला वीस वर्षं मासे आणून देणारी मालन, तिचा नातू. बाप रावजी ट्रॉलरवर, समुद्रात रेंज नाही. आई बाळंतपणाला माहेरी. अर्जावर नंबर रावजीचा एकट्याचा. मालनला वाचता येत नाही; ती बिचारी घरी बसून बोलावणं येईल म्हणून वाट बघत असणार.

खरं लिहितो. बुधवारी संध्याकाळपर्यंत मी गप्प राहायचं ठरवलं होतं. जेवताना ऋतिकाने दोनदा विचारलं की भातात काही पडलंय का. तिच्याकडे बघवत नव्हतं. सांगावं तर तिच्या मुलीची जागा जाते, न सांगावं तर मालनच्या नातवाची. तिच्याही ताटात भात तसाच होता, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी सकाळी वाचनालयात जातो असं सांगून निघालो आणि रिक्षा करून मिरकरवाड्याला गेलो. मालनच्या दाराला कडी. शेजारची काशी म्हणाली की आत्ताच चष्मेवाली एक बाई स्कूटरवरून आली, घरातले सगळे कागद गोळा करायला लावलेन आणि म्हातारीला मागे बसवून घेऊन गेली. स्कूटरवर बदकाचं चित्र होतं. ते बदक शमिकाने चिकटवलेलं आहे, ताई.

शाळेत पोचलो तर फाटकातल्या आंब्याखाली ऋतिका बसलेली. बँकेचा इस्त्रीचा ड्रेस, आणि मांडीवर मालनची माशांची टोपली. एका हाताने कावळे हाकलत होती. आत मालन फॉर्मवर अंगठा देत होती. फॉर्म भरलेला ऋतिकाने. मला बघून तिने विचारलं की वाचनालय इकडे कधी आलं. मी विचारलं, बँक कधी आली.

मग कळलं. तयारीत राहा, असा कारकुनाचा फोन तिलाही बुधवारीच आला होता. पण माझी ती चाल डोक्यात बसलेली. दुसरा सुजय रावजी म्हटल्याशिवाय तिसरी शमिका येईचना, म्हणाली. आणि मला सांगायला भीत होती, का, तर बाबांनी एवढ्या खेपा घातल्या, त्यांना वाईट वाटेल.

आठ वर्षं ही मुलगी माझ्या घरात आहे. मी तिचे आभार कधी मानले नव्हते. काल मानले, तर म्हणाली की आधी टोपली धरा, पाय आखडलेत.

तुझ्या सांगण्याबाहेर शहाणपण झालं. रागावलीस तरी पत्राने रागाव, अक्षर तरी दिसेल.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥

रत्नागिरी, १७ जून २०२५

ती. गोदूताईस,
सा. न. वि. वि.

यादी शनिवारी बंद झाली. शमिकाच्या वरचं कोणी उरलं नव्हतं, पण जागाही उरली नव्हती. काल ती आमच्या आळीतल्या नगरपरिषदेच्या शाळेत गेली. वर्गात चौदा मुलं. बाईंनी दारात गुलाबाचं फूल दिलं आणि पहिल्याच दिवशी हातवारे करून पावसाची कविता शिकवली. संध्याकाळी शमिकाने ती आम्हा दोघांकडून करून घेतली. माझा बेडूक चुकला, ऋतिकाचा बरोबर आला. टेकडीवरच्या फाटकासमोर तिची स्कूटर अजून हळू होते. ते एवढ्यात जायचं नाही. पण काल बेडूक करताना ती पोट धरून हसली.

मालन आज नेहमीसारखीच कुरकुर करत सुकट देऊन गेली. म्हणजे पुढचा नंबर कोणाचा होता, ते तिला कळलेलं नाही. बरं झालं.

भिकाजी शिपाई यादी काढत होता, तेव्हा मी तो कागद मागून घेतला. आपल्या घराण्यात कोणाचा कधी पहिला नंबर आला नाही, ताई. हा आला. माझ्या चौथीच्या पुस्तकात जपून ठेवलाय, होडीच्या पानाशी.

आशीर्वाद असू दे, माझ्या सुनेलाही आणि मलाही.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥

गुहागर, २१ जून २०२५

चि. आत्माराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग सुनेकडून वाचून घेतलं. काल व्याडेश्वराला नारळ दिला. गुरव म्हणाले, आजी, काम तर झालं नाही. मी म्हटलं, झालं की. पुढच्या दोन पोरांची चांगल्या शाळेत सोय लाव म्हटलं होतं, लावलीन. आपल्या पोरीचं नाव घ्यायचं माझ्याच तोंडून राहिलं, त्याला देव काय करील.

फोडलेल्या नारळाची एक कवड गुरवांना दिली. उरलेल्या नारळाच्या वड्या केल्यात, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. पहिली ऋतिकाला, दुसरी शमिकाला. तू तिसरा आहेस, वाट बघ.

गोदूताई