लग्नाच्या दिवशीचं दुखणं

मकाऊ,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

केई पोरी,

तुला आणि जावईबापू ची-होंगला माझे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं नेहमीसारखंच आहे. रविवारी दिलेलं कमळकाकडीचं सूप काल संपलं, भांडं घासून ठेवलंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा जिन्यातच मासळी वाळत घातलीय. बोललो तर म्हणाल्या, तुम्ही नाक बंद करून चढा.

तू पुलापलीकडे राहतेस, बसने अर्धा तास, मग हे पत्र कशाला असं तुला वाटेल. समोर बसलो की तू आधी माझं मनगट धरून नाडी बघतेस आणि मग माझ्या तोंडून काही निघत नाही. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

लिफ्ट दुरुस्तीचं काम सुटल्यापासून मी आठवड्यातून चार दिवस कॅसिनोत जातो, हे तुला माहीत आहे. "जा बाबा, पण ताण घेऊ नका," असं तू दर वेळी बजावतेस आणि मी तुला माझे नियम ऐकवतो. रिकाम्या पोटी टेबलावर बसायचं नाही, आधी वाटीभर पेज. ओळीने तीन डाव हरलो की उठून गार पाण्याने तोंड धुवायचं. छातीत धडधडलं की खारवलेलं आलुबुखार चघळत शंभरापासून उलटं मोजायचं. घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानात कडू काढा. टेबलावर माझ्या शेजारी बसणाऱ्या जाड्या लामलाही मी हे सगळं शिकवलं. तो मला गुरुजी म्हणतो आणि रोज हरतो.

नियम सगळे खरे आहेत, मी ते पाळतोही. तुला सांगितलं नाही ते वेगळंच. बाकी कसलाही ताण आला की माझा उपाय एकच होता, कॅसिनो. तुझी आई गेली, त्या आठवड्यात गेलो. कंपनीने घरी बसवलं, त्या दुपारी गेलो. आणि तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीही गेलो.

लिहिलं एकदाचं. आता थांबत नाही.

त्या सकाळी तुझी काकू तुझे केस बांधत होती. खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर आईचा फोटो आणि दुसरी माझी. अकराच्या मुहूर्ताला तुम्ही दोघं गुडघे टेकून चहा देणार, मी तो पिऊन दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द मला सुचत नव्हते. आईच्या फोटोशेजारी एकट्याने बसायचं, हेही नको वाटत होतं. म्हटलं, वीस मिनिटं जाऊन डोकं शांत करून येऊ. शिवाय लग्नघरच्या माणसाच्या हाताला त्या दिवशी यश असतं, हे मीही मानतो. खोटं कशाला बोलू, तेही मनात होतंच.

आणि डाव लागत गेले. एक, दोन, पाच, सात डाव सलग. टेबलावरचा रिवाज तुला ठाऊक नसेल. ज्याचे डाव लागताहेत त्यानेच पत्त्याची कड हळूहळू उचलायची, आणि बाकी सगळे त्याच्या मागे पैसे लावतात. बघता बघता माझ्या पाठीशी वीसेक माणसं जमली. पावणेअकराला मी उठायला गेलो, तर हिरव्या जाकिटातल्या एका बाईने माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"आता उठलात तर आमचं सगळ्यांचं नशीब घेऊन उठाल," ती म्हणाली.

मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, मुहूर्त चुकेल. झालं, मी हे सांगायलाच नको होतं. त्यांना तर आणखी जोर चढला. लग्नघरचा माणूस आहे, म्हणूनच लागतंय, बसा बसा. कोणी पाणी आणून दिलं, कोणी खांदे चेपले. पण केई, कोणी मला दोरीने बांधलं नव्हतं. मला उठायचंच नव्हतं. तिथे वीस माणसांना मी हवा होतो आणि कोणी मला दोन शब्द बोलायला सांगत नव्हतं.

घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. स्वच्छतागृहात जाऊन तुला फोन केला. रस्त्यात चक्कर आली, छातीत दुखलं, दवाखान्यात झोपवून ठेवलंय, येऊ नकोस, पुढचे विधी माझ्यासाठी थांबवू नकोस. ही सगळी थाप होती, पोरी. मला चक्कर आली नव्हती. मी त्या दिवशी जिंकलो होतो.

दुपारी, मला घरी सोडलंय असं कळवल्यावर, तू लाल पोशाखातच धावत घरी आलीस. माझ्या पलंगाशी गुडघे टेकून चहा दिलास आणि म्हणालीस, "माझ्यामुळे झालं बाबा. सगळी धावपळ मी तुमच्यावर टाकली." मी तो चहा प्यालो. त्याची लाज मला रोज वाटते. पण लाज वाटून उपयोग काय, आठ महिने तू माझ्यासाठी बिनमिठाचं सूप करतेस आणि तुझी पाठ वळली की मी त्यात सोयासॉस ओततो.

हे मी कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण रविवारी तू स्वयंपाकघरात असताना ची-होंगने मला जिन्यापर्यंत सोडायला म्हणून बाहेर नेलं. लिस्बनच्या हॉटेलाने त्याला मुख्य आचारी म्हणून बोलावलंय, शुक्रवारी उत्तर द्यायचंय, आणि तू नको म्हणतेस. बाबांचं हृदय असं, त्यांना कोणाच्या भरवशावर टाकू, असं तुझं म्हणणं. बिचारा तक्रार करत नव्हता. "मी नकार कळवून टाकतो बाबा, फक्त तुमच्या कानावर असावं म्हणून सांगितलं," एवढंच म्हणाला. मी जिना उतरलो आणि दोन बस सोडून दिल्या.

काल सकाळी इस्पितळात जाऊन हृदयाची पूर्ण तपासणी करून घेतली. कागद सोबत जोडलेत. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वयात माझं हृदय असं असलं तर मी पण डोंगर चढेन. तिथून सरळ सरकारी कचेरीत गेलो आणि स्वतःवरच कॅसिनोबंदीचा अर्ज भरला. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, कायमची घाला. ती म्हणाली, आजोबा, एका वेळी दोनच वर्षांची मिळते. म्हटलं, ठीक आहे, दोन वर्षांनी परत येतो. लामला सांगितलं तर तो हसला, आठवड्यात अर्ज मागे घ्याल म्हणाला. हसू दे त्याला. आज दुपारी तळहाताला घाम सुटला होता, तर दीपगृहाच्या टेकडीवर दोनदा चढून आलो. उद्या तीनदा चढेन. हे मला जमणार आहे, आणि नाही जमलं तर त्याचा भार तुझ्यावर नाही.

तू रागाव. सूप बंद कर, बोलणं बंद कर, जितके दिवस हवेत तितके. मी माफी मागतो, पण ती द्यायची घाई करू नकोस. सामान बांधायला बोलावलंस तर येईन, नाहीतर येणार नाही. फक्त शुक्रवारी ची-होंगला हो म्हणायला लाव. आईच्या फोटोशेजारची खुर्ची मी स्वतः रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीसाठी तू इथे अडकून राहायचं नाहीस.

तुझा,
ज्याला काहीही झालेलं नाही असा

बाप