बदली आधी बसते

सोमवार, ४
एवढं शिकून तू तिथे नेमकं करणार काय, असं मी नोकरीसाठी शहरात निघताना बाबांनी खोकला आवरत विचारलं. मला अजूनही उत्तर देता येत नाही. घरातली पदवीधर मी पहिलीच. ते हसून म्हणाले, पहिलीला तरी माहीत असू दे! खोली छान आहे, खिडकीशी टेबल. ऑफिसात आमच्या प्रमुखांना सगळे ‘आजोबा’ म्हणतात. वय एकतीस.

मंगळवार, ५
आजोबांनी काम समजावलं. प्रोग्राम म्हणजे एकमेकांशी बोलणारे तुकडे, मॉड्यूल्स; तो तपासताना खऱ्या मॉड्यूलच्या जागी तसंच बोलणारं खोटं बसवतात, ती ‘बदली’. पण आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नव्या मॉड्यूल-पद्धतीत पहिली ओळ चालण्याआधीच खरी मॉड्यूल्स आत येऊन बसतात आणि आमच्या जुन्या चाचणी-साधनाची बदली दारात ताटकळते. तिला आधी आत कसं न्यायचं, ते मी शोधायचं. बाबा, हे करणार मी!

शुक्रवार, ८
नमुन्यासाठी ‘आई’ आणि ‘मुलगी’ अशी दोन मॉड्यूल्स लिहिली. आई विचारते, मुलगी उत्तर देते. मुलीच्या बदलीला तीनच वाक्यं दिली: जेवले. बरी आहे. काळजी करू नकोस. आजोबा म्हणाले, माझी धाकटी बहीणही एवढंच बोलते. कामापायी घरी फोन राहूनच गेला.

बुधवार, १३
जमलं! बदली आधी बसते. एकदा बसली की सगळ्यांना तीच मिळते, खरीला कुणी विचारत नाही. आनंदाने आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं, आत्ताच तर बोललीस. रोज दुपारी करतेस, शहाणी झालीस हो. मी आल्यापासून एकदाही केला नव्हता. काय बोलते मी, असं विचारलं. जेवले, बरी आहे, काळजी करू नकोस —

शनिवार, १६
आईचा फोन सतत दुसऱ्या कॉलवर. कोणाशी बोलते एवढं?

सोमवार, १८
शेजारच्या काकूंना लावला. बाबा शुक्रवारी गेले. आईने मला तीनदा सांगितलं, म्हणे. ये म्हणाली. आणि मी तिन्ही वेळा — काळजी करू नकोस. काकूंनी रडत विचारलं, दगड आहेस का गं?

मंगळवार, १९
घरी गेले. आईने दार उघडलं. कानाला फोन. कोण हवंय, म्हणाली. जरा थांबा, माझी लेक बोलतेय —

गुरुवार, २१
बदली पुसून टाकली. सगळीकडून. आजोबा ओरडले, ओरडू देत. पुसली.
आईला फोन लावला. लगेच उचलला. आवाज ओळखला! विचारतेय, जेवलीस का —
मला सांगायचंय, आई, बाबा — पण तोंडून —
जेवले. बरी आहे. काळजी करू