एका सुईने पाच हात

३ डिसेंबर १९८५
गेल्या वर्षी गाणगापूरच्या जत्रेत माझी विद्यार्थिनी शारदा दोन दिवस हरवली होती. तिचे शब्द मोजके, नाव-गाव सांगता येत नाही. म्हणून मीच सुचवले की वसतिगृहातल्या अशा चारही मुलींच्या हातांवर नाव व ‘हुमनाबाद’ गोंदवावे. आज हळ्ळीखेडची मल्लम्मा गोंदायला आली. मुली घाबरल्या. प्रात्यक्षिकासारखे साधन नाही! प्रथम मीच मनगटावर ठिपका गोंदवून घेतला. “बघा, दुखत नाही.” लगेच शारदाने हात पुढे केला, मागोमाग बाकीच्या तिघींनी. मल्लम्मा हसली, “बाई, तुमी शिकिवलं तर बकरंबी आपल्या पायानं येईल.”

१९ मार्च १९८६
शारदाचे डोळे पिवळे, लघवी गडद. डॉक्टरांनी विचारले, “इंजेक्शन? रक्त? गोंदण?”
डिसेंबरातले गोंदण सांगितले. त्यांचा संशय ‘ब’ प्रकारच्या काविळीवर; ही रक्तातून पसरते. सुईच्या टोकावर डोळ्यांना न दिसणारा अंश पुरतो. माझ्यासह पाचही जणींचे रक्त हैदराबादला पाठवले.

२२ मार्च
स्वयंपाकीण काशीबाईने शा.चे ताट वेगळे ठेवले. फळ्यावर आकृती काढून समजावले: ताटाने नाही, स्पर्शाने नाही. नखे काढायचे पाते, दातांचा ब्रश प्रत्येकीचा निराळा. जखम पुसताना हातमोजे.
“तुमी म्हनायलाव, पर भ्या वाटतंय की.”
शेवटी मीच शा.च्या ताटात जेवले. संध्याकाळी ताट पुन्हा रांगेत.

३० मार्च
दोन अहवाल आले. शा.च्या रक्तात दोष आहे. माझ्याही. डॉक्टरांच्या मते माझा जुना असावा. कॉलेजात असताना कावीळ झाली होती; बरी झाले असे समजत होते. काहींच्या रक्तात ती मुकाट राहते.
क्रम: मी, मग शा. सुई तीच. मधे पुसलीसुद्धा नव्हती.

२ एप्रिल
मल्लम्माकडे गेले. प्रत्येकीला नवी सुई, निराळी शाई, असे सविस्तर सांगितले.
“पंधरा वर्सं ह्याच सुईनं गोंदायलेय. कामून बदलू?”
मग माझ्या रक्ताचे सांगितले. ती माझे मनगट धरून बसली.

४ एप्रिल
शा.ला भूक लागू लागली. अर्धी भाकरी, वरण. उरलेल्या तिघींचे अहवाल अद्याप नाहीत.
उद्या तिची आई येणार. डॉक्टर म्हणतात, नक्की कुणाकडून आले ते सिद्ध होणार नाही. सांगितलेच पाहिजे असे नाही. ऐकून तिने लेकीला घरी नेले तर? आईला काय सांगायचे ते चार वेळा लिहिले, चार वेळा खोडले.
शा. शेजारी येऊन बसली. ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, दुखायलंय?”
“व्हय.”
तिने फुंकर घातली.
पाचव्यांदा लिहिले: ताई, ती सुई आधी माझ्या हातावर चालली होती.