एकोणीस हेलकावे

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज तुमच्याशी लंबकाबद्दल बोलायला बसले आहे. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, ‘बोल बाय, काय घोळ घातलास?’ घोळच घातलाय. तोही आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये, वसई-पालघर पट्ट्यातल्या पंचवीस-तीस भौतिकशास्त्र शिक्षकांसमोर.

दरवर्षी आमची एक बैठक होते. या वर्षी ती विरारला, म्हणजे यजमानपण माझ्याकडे. आगाशीहून सुकेळी, तिथली उन्हात वाळवलेली केळी, मागवली होती, पुलाव सांगितला होता, आणि मिरवायची हौस म्हणून ‘दहा मिनिटांत लंबकाचा प्रयोग’ मीच करून दाखवणार होते. अकरावीला हा प्रयोग मी इतकी वर्षं शिकवते आहे की झोपेतही करीन, असं सगळ्यांना ऐकवूनही झालं होतं. पंखे बंद केले, एक मीटरचा दोरा बांधला, गोळा थोडासा बाजूला नेऊन सोडला. तो टोकाला आला तशी ‘एक’ म्हणत मोबाइलचं घड्याळ सुरू केलं आणि ‘वीस’ला थांबवलं. फळ्यावर आकडेमोड केली, तर गुरुत्वत्वरण आलं १०.८७. नऊ पॉइंट आठच्या जवळपाससुद्धा नाही. पुन्हा केलं, तेच. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, “मॅडम, उत्तरावरून उलटं या. पुलाव थंड होतोय.” सगळे हसले, मीही हसले, कारण उलटं यायचं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आधी नऊ पॉइंट आठ लिहायचं, मग त्याला शोभतील असे सेकंद भरायचे. मुलं तेच करतात, आम्ही तपासताना डोळेझाक करतो, आणि सगळ्यांचं सुखात चालतं.

तेवढ्यात कामणच्या बाजूला शिकवणारी एक नवीन शिक्षिका मागून संकोचत म्हणाली, “मॅडम, घड्याळ चालू करताना तुम्ही एक म्हणालात. तेव्हा हेलकावा व्हायचा होता ना? मग वीस म्हणेपर्यंत एकोणीसच झाले.” दोघा-तिघांनी हळूच बोटांवर मोजून पाहिलं. मला तर घाम फुटला, आणि तो पंखे बंद होते म्हणून नव्हता.

मला तुम्ही आठवलात. केळीच्या बागेकडे खिडक्या असलेली आपली प्रयोगशाळा, आणि घड्याळाची कळ दाबताना मोठ्यांदा ‘शून्य’ म्हणणारे तुम्ही. आम्ही तुम्हाला मागून ‘शून्य सर’ म्हणायचो, हे तुम्हाला माहीत असणारच. मला ती तुमची लकब वाटायची. ती पद्धत होती हे मला कळायला हवं होतं, पण कळणार कसं? मी प्रयोग केलाच कुठे होता? माझं उत्तर नेमकं ९.८१ आलं तेव्हा तुम्ही जर्नल मिटलंत, मला बाहेर व्हरांड्यात बोलावलंत, इतर मुलींच्या कानावर जाणार नाही अशा आवाजात विचारलंत, “ही मेहनत तुझी की कॅल्क्युलेटरची?” मी म्हणाले, माझी. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत आणि ‘बरं’ म्हणालात. त्या ‘बरं’वर मी फार खूश झाले होते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात खाडीकाठच्या गावातली एक मुलगी होती. अबोल, अक्षर किरटं. तिचं उत्तर १०.८ आलं आणि तिने ते तसंच लिहून आणलं. मी म्हटलं, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. “मॅडम, मी कोनाचं बगितलं नाय. तुमी सांगितलं तसंच मोजलं,” ती म्हणाली. आणि मी, सर, सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तुमच्या गावात पृथ्वी जरा जास्तच ओढते वाटतं?” वर्ग खो-खो हसला. तीही हसली, मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर ९.७९ आलं. मी लाल शाईने ‘छान’ लिहिलं.

अख्ख्या वर्गात तिनेच एकटीने प्रयोग केला होता. तिने मोजलं ते माझ्या चुकीसकट, पण प्रामाणिकपणे, आणि खोटं लिहायला तिला मी शिकवलं. हे मी त्या दिवशी हॉलमध्ये सांगितलं. सगळं सांगितलं. पुलाव थंड होतोय म्हणणारे ते सर म्हणाले, “माझीही मुलं एकपासूनच मोजतात हो.” नव्या शिक्षिकेने पुन्हा दोरा धरला, सगळ्यांनी मिळून शून्यापासून मोजलं, आणि जेवायला उशीर झाला त्याची कुणी कुरकूर केली नाही. निघताना लोक माझ्या धीराचं कौतुक करत होते. मला ते ऐकवत नव्हतं.

कारण ती मुलगी आता बारावीला आहे, त्याच इमारतीत, माझ्याच तासाला बसते. सोमवारी जिन्यात समोर आली. “गुड मॉर्निंग मॅडम,” म्हणाली. मी थांबले, तीही थांबली. मी विचारलं, “डबा आणलास ना?” ती “हो” म्हणाली आणि वर गेली. तिचं जर्नल आता बघते, तर सगळी उत्तरं पुस्तकातल्यासारखी असतात. एकही खाडाखोड नाही.

तुम्ही मला व्हरांड्यात नेलं होतंत, मी सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं, तेव्हा माफीही वर्गासमोरच मागायला हवी, एवढं मला कळतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते वहीतच राहील. आणि खरं सांगते सर, कागद घेतला होता तो तिला लिहायला. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही विचारणार नाही, ‘मग उद्याच्या तासाला सांगशील ना?’