यादीतलं पहिलं नाव

सोमवार, १४ मे

हरले. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत, तिसऱ्या सेटमध्ये, सात-पाच. एकतीस वर्षांच्या गुडघ्यांनी एकोणीस वर्षांच्या पोरीला तीन तास पळवलं, हेही नसे थोडके!

पण हरलेल्यांत माझं रँकिंग सगळ्यांत वरचं. म्हणून राखीव यादीत पहिलं नाव माझं. मुख्य स्पर्धेतल्या कुणी पहिल्या सामन्याआधी माघार घेतली, तर तिच्या जागी मी. अट एकच — रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आत रेफरीच्या टेबलावर सही करायची आणि तिथेच थांबायचं.

आईला फोनवर समजावलं. "म्हणजे कुणाचं तरी पोट बिघडावं म्हणून बसायचं? आयत्या बिळावर नागोबा!" मग हळूच, "क्लबला काय कळवणार?" क्लबला मुलींसाठी टेनिस कोच हवी आहे. मी ठरवलंय — इथे मुख्य स्पर्धेत पाय ठेवला तर खेळत राहायचं. नाहीतर नोकरी.

मंगळवार, १५ मे

सही केली. बसले. सगळ्या ठणठणीत. एक जण शिंकली तर मी मान वळवून बघितलं. लाज वाटली.

बुधवार, १६ मे

लंबू सकाळी सरावात घसरली. डबल्सची माझी जोडीदार; नऊ वर्षं दौऱ्यावर एकाच खोलीत राहतोय. डावा घोटा टम्म फुगला. तिचा एकेरीचा पहिला सामना दुपारी तीनला. फिजिओने हात झटकले, "तुझं तू ठरव." ती पलंगावर पाय पसरून मला म्हणाली, "बघ गं जरा. खेळू का?"

माझाही घोटा एकदा असाच सुजला होता. तशीच खेळले आणि पाच महिने घरी बसले. खरं उत्तर होतं — नको. पण नको म्हटलं की तिची जागा मला! पट्टी काढली, घट्ट बांधली. "खेळ की. एवढ्याने काय होतंय," म्हणाले. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली.

दुसऱ्याच गेममध्ये कोसळली. सामना सुरू झालेला, त्यामुळे तिच्या जागी आता कुणालाच घेता येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

गुरुवार, १७ मे

लिगामेंट फाटलंय. डॉक्टर म्हणाले, सहा महिने.

चांगुलपणा कसला! मला फक्त चांगलं दिसायचं होतं. लोभी दिसायची भीती वाटली आणि तिचा घोटा त्यापायी गेला. आज तिची बॅग भरून दिली, केस धुऊन दिले. हे मात्र बोलले नाही.

शुक्रवार, १८ मे

क्लबला होकार कळवला. आई खूश.

शनिवार, १९ मे

लंबू निघायच्या आधी एकदाचं सगळं सांगून टाकलं. रागावली नाही. म्हणाली, "अगं, माघार घेऊन जागा तुला द्यायचं ठरवूनच तुला विचारलं होतं. तू नको म्हणायचीच खोटी होती. तू म्हणालीस खेळ. मला वाटलं, हिचं खेळण्यातून मनच उडालंय. मग म्हटलं, निदान मी तरी खेळते."

नाही उडालं. मला खेळायचंय. तिला सांगून झालं. आता आईला सांगायचं, आणि क्लबला.